लाइट गेल्यावर गच्चीवरचं सोलर चालत नाही

वर एकांनी लिहिलंय की सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवलं की लाइट गेली तरी लिफ्ट आणि पंप चालू राहतात. बिल उतरतं हे मान्य, आमच्याकडे कॉमन मीटरचं बिल बरंच खाली आलंय. पण लाइट गेल्यावरचं मात्र विसरा. आपल्याकडे सोसायट्या सहसा बसवतात ती ऑन-ग्रिड सिस्टीम, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेली, बॅटरी नसलेली. तिचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज आपल्या वापराजोगी करणारं यंत्र, ग्रिडच्या व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीशी जुळवून घेत चालतो, ग्रिड गेली की आपोआप बंद. हा बिघाड नव्हे, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. खाली केबल दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरून करंट लागू नये म्हणून. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, तेव्हा भर दिवसा अशी पॅनल नुसती तापत पडली असणार.

बॅकअप हवाच असेल तर हायब्रिड (ग्रिड नसतानाही बॅटरीवर चालणारा) इन्व्हर्टर, बॅटरी आणि जरुरीच्या लोडसाठी वेगळं वायरिंग लागतं. जिन्यातले दिवे त्यावर आरामात निघतात. लिफ्टची मोटर सुरू होताना जो दणका घेते, त्यासाठी बॅटरी चांगली तगडी लागते. आमच्या कमिटीने कोटेशन मागवलं, खजिनदारांनी आकडा पाहिला आणि विषय पुढच्या सभेवर गेला. जनरेटर अजून तिथेच आहे. उंच टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं: एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते, आणि टाक्या नि लिफ्टची खोली वगळून तेवढी गच्ची उरते कुठे?