'न नोंदवलेला गुन्हा' म्हणजे कोणी न नोंदवलेला?

मिरजेची_अनुवादक: एक लेख मराठीत आणतेय, घडलेले गुन्हे आणि सरकारी आकड्यातले गुन्हे यात एवढा फरक का पडतो त्यावर. 'न नोंदवलेले गुन्हे' लिहिलं आणि अडकले. माणूस ठाण्यात गेलाच नाही तोही न नोंदवलेला, आणि गेला पण पोलिसांनी लिहून घेतलं नाही तोही न नोंदवलेलाच. लेखात दोन्ही वेगळे आहेत. इंग्रजीत या न दिसणाऱ्या गुन्ह्यांना 'dark figure' म्हणतात, त्यावरून एकाने 'काळा आकडा' सुचवलाय.

कृष्णाकाठ: काळा आकडा नको ताई, आमच्याकडं आकडा म्हणजे मटका नाहीतर तारेवर टाकतात तो. पहिल्याला 'वर्दी न दिलेला' म्हणा. आजोबा कायम 'ठाण्यात वर्दी दिली' म्हणायचे. आमची विहिरीवरची केबल तिसऱ्यांदा तोडून नेली, तांब्यासाठी नेतात, पण वर्दी दिलीच नाही कारण पंचनाम्यात दिवस मोडणार, तोवर ऊस वाळणार, मिळणार काय तर कागद, त्यापेक्षा नवी केबल आणली.

सातारी_पेढा: वर्दी म्हणजे पोलिसांचा ड्रेस ना?

कृष्णाकाठ: ती हिंदीतली. मराठीत वर्दी म्हणजे खबर.

वाईकर: मुळात गुन्हा, फिर्याद, तक्रार सगळे फारसी अरबी. 'अपराध' असताना गुन्हा कशाला?

मिरजेची_अनुवादक: अपराध ठाण्यात कोण बोलतं हो? आणि फिर्याद म्हणजे मुळात मदतीसाठी मारलेली हाक, किती नेमका शब्द आहे.

कराडची_वकील: फरक भाषेत आहेच की. तक्रार माणूस देतो, गुन्हा पोलीस दाखल करतात. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा असेल तर दाखल करावाच लागतो, 2013 ला ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. तरी माझ्या अशिलाचा मोबाईल खिशातून मारला आणि त्याच्या हातात दाखला पडला 'गहाळ' झाल्याचा. एका शब्दानं चोरी आकड्यातून गेली. आणि बायकांचं तर त्याही आधी अडतं. नवरा मारतो त्याला घरात 'भांडण झालं' म्हणतात, ज्याला कुणी गुन्हा म्हणतच नाही त्याची वर्दी कोण देणार? म्हणून एखाद्या जिल्ह्यात आकडा वाढला की लगेच गुन्हेगारी वाढली म्हणू नका, बायका ठाण्याची पायरी चढायला लागल्या असंही असेल.

वाईकर: पटलं. पण गहाळ पण अरबीच वाटतो.

मिरजेची_अनुवादक: मग 'तक्रारच न झालेले' आणि 'दाखल न केलेले' असं लिहू का?

सातारी_पेढा: थांबा, रिक्षावाले भाडं मिळालं की 'वर्दी आली' म्हणतात, ती हीच वर्दी का?

कृष्णाकाठ: हीच असणार, निरोप आला म्हणजे वर्दी आली. आमच्या गावात वडापवाले पण म्हणतात.