गरम मोटर रीस्टार्ट केली की थर्मल ट्रिप, पिकअप वाढवू का?

फॅनड्युटी
नमस्कार मंडळी. ६.६ केव्ही, ५०० किलोवॅटची मोटर आहे, मोठ्या सेंट्रिफ्युगल फॅनवर, डायरेक्ट ऑन लाइन (थेट पूर्ण व्होल्टेजवर स्टार्ट). नेमप्लेट करंट ५४ अँपिअर, सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) ७५/१, स्टार्टिंग करंट ६ पट आणि स्पीड पकडायला ९ सेकंद. डेटाशीटवर लॉक्ड रोटर टाइम (रोटर अडकला तर मोटर किती वेळ टिकते) कोल्ड २० सेकंद, हॉट १२ सेकंद दिलाय. मोटर प्रोटेक्शन रिलेमध्ये बेस करंट ०.७२ (५४ भागिले ७५) टाकलाय, के फॅक्टर (बेस करंटच्या किती पटीवर थर्मलचा पिकअप ते) १.०५, हीटिंग टाइम कॉन्स्टंट (मोटर किती वेगाने तापते त्याचा आकडा) १० मिनिटं. थंड मोटर व्यवस्थित स्टार्ट होते. पण फुल लोडवर चालून बंद झाली आणि लगेच परत स्टार्ट दिला की दोनेक सेकंदात थर्मलवर ट्रिप. ऑपरेशनवाले म्हणतात के १.२ करा आणि विषय संपवा, मला ते पटत नाहीये पण त्यांना समजावायला आकडे पाहिजेत. कुणी सांगेल का?

रिलेबेंच
के ला अजिबात हात लावू नका, आणि गंमत म्हणजे १.२ करून तुमचा प्रॉब्लेम सुटतही नाही. आधी ट्रिप का होतंय ते बघा. रिले करंटचा वर्ग करून थर्मल, म्हणजे मोटर किती तापली ते टक्क्यांत मोजतो, १०० ला ट्रिप. फुल लोडवर बराच वेळ चालली की थर्मल १ भागिले १.०५ चा वर्ग, म्हणजे ९१ टक्क्यांवर जाऊन बसतं. आता ६ पट करंट आला की ते दर सेकंदाला साधारण साडेपाच टक्क्यांनी चढतं, शिल्लक ९ टक्केच, म्हणून पावणेदोन सेकंदात ट्रिप. रिले बरोबरच वागतोय, त्याला दिलेलं मॉडेल तुमच्या मोटरचं नाहीये.

के १.२ केला तर हॉट ट्रिप टाइम येतो ७.६ सेकंद, तुम्हाला लागतात ९, म्हणजे ट्रिप होणारच. वरून कोल्डचा टाइम साडेचोवीस सेकंद होतो, रोटर टिकतो २०, आणि ११५ टक्के लोडवर मोटर दिवसभर भाजत राहिली तरी रिले गप्प. टाइम कॉन्स्टंट डबल करायचा विचार कुणी मांडला तर तोही नको, हॉट साडेतीन सेकंद आणि कोल्ड ३७ सेकंद, दोन्हीकडून तोटा.

खरं बदलायचंय ते हॉट-कोल्ड रेशो, म्हणजे चालताना साठलेल्या उष्णतेपैकी किती टक्के रिलेने स्टार्टच्या वेळी धरायची ते. काही रिलेत वेटिंग फॅक्टर म्हणतात, काहींत हॉट-कोल्ड सेफ स्टॉल रेशो. फुल लोडवर चालताना स्टेटर तापतो पण रोटरची स्टॉल सहन करायची ताकद सगळी संपत नाही, तुमच्या डेटाशीटमध्येच १२ भागिले २० म्हणजे ०.६ शिल्लक दाखवलीय. तुमच्याकडे हा वेटिंग फॅक्टर १०० टक्के असणार, केबल-ट्रान्सफॉर्मरला तो तसा ठीक असतो. ५० टक्के करा. मग कोल्ड १८.७ सेकंद, २० च्या आत, आणि हॉट १०.३ सेकंद, म्हणजे स्टार्टच्या ९ च्या वर आणि स्टॉलच्या १२ च्या खाली. एका स्टार्टला थर्मल ४९ टक्के खर्च होतं, म्हणून रीस्टार्ट इनहिबिट ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, त्याच्या वर असेल तर स्टार्टच मिळणार नाही. आणि कूलिंग टाइम कॉन्स्टंट बघा, मोटरचा स्वतःचा फॅन शाफ्टवर असेल तर थांबलेली मोटर हळू थंड होते, हीटिंगच्या ३-४ पट ठेवतात, मेकरने आकडा दिला असेल तर तोच टाका.

साठकेव्हीए
वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली, तुमचे ९ सेकंद हे फुल व्होल्टेजचे आहेत ना? स्टार्टच्या वेळी सप्लाय बसचं व्होल्टेज ८५ टक्क्यांवर आलं तर करंट ६ ऐवजी ५.१ पट होतो आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गात घटतो, म्हणून फॅनला वेळ चांगलाच जास्त लागतो. अशात स्टॉल (अडकलेल्या रोटरचं) प्रोटेक्शन फिक्स टाइमवर, समजा साडेदहा सेकंदांवर ठेवलं असेल तर मोटर नीट चढत असतानाच ट्रिप होईल. त्यापेक्षा स्टार्ट सुपरव्हिजन आय स्क्वेअर टी वर (करंटचा वर्ग गुणिले वेळ) ठेवा. ६ चा वर्ग गुणिले १०.५ म्हणजे ३७८. मग ५.१ पटीवर आपोआप साडेचौदा सेकंद मिळतात आणि मोटरची तिथली हॉट लिमिट साडेसोळा सेकंदांच्या आसपास जाते, म्हणजे मार्जिन शाबूत. मेकरकडून ८५ टक्के व्होल्टेजचा स्टार्टिंग कर्व्ह मागवाच, त्याशिवाय हे सेटिंग फायनल करू नका. कमी व्होल्टेजवर स्टार्ट टाइम हॉट लिमिटच्या वर जात असेल तर स्पीड स्विच (शाफ्ट फिरतोय की नाही ते सांगणारा) लागतो, नाहीतर रिलेला चढणारी मोटर आणि अडकलेली मोटर यातला फरक कळायला मार्गच नाही.

फॅनड्युटी
खूप खूप धन्यवाद दोघांना, वेटिंग फॅक्टर खरंच १०० वर आहे. कर्व्ह मागवतो. अजून एक, स्टार्टला कधीकधी अर्थ फॉल्टचा पिकअप इव्हेंट येतो, ट्रिप नाही. आणि निगेटिव्ह सिक्वेन्स (तीन फेजमधल्या असमतोलाचा करंट) किती ठेवू?

रिलेबेंच
अर्थ फॉल्ट तीन सीटींच्या रेसिड्युअलवर (बेरजेवर) घेतलाय का? मग कारण तेच, स्टार्टिंग करंटमध्ये डीसी ऑफसेट असतो, तीन सीटी सारखे सॅच्युरेट होत नाहीत, खोटा रेसिड्युअल दिसतो. पिकअप वाढवत बसू नका, कोअर बॅलन्स सीटी (तिन्ही फेज एकाच रिंगमधून जातात तो) लावा. तो असेल तर केबलच्या आर्मरची अर्थ वायर बघा, आर्मर सीटीतून गेलं असेल तर ती वायर सीटीतूनच परत आणून मग अर्थ करायची, नाहीतर आर्मरमधला करंटही मोजला जातो आणि खऱ्या फॉल्टच्या वेळी रीडिंग कमी येतं. हे पॅनेल उघडून डोळ्यांनी बघायचं, ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका.

निगेटिव्ह सिक्वेन्स हलक्यात घेऊ नका, रोटर त्यानेच जळतो. तुमच्या मोटरला १ टक्का व्होल्टेज अनबॅलन्स झाला की साधारण ६ टक्के निगेटिव्ह सिक्वेन्स करंट वाहतो. अलार्म १० टक्के, ट्रिप २० टक्के, डिलेसह, इथून सुरू करा. एक फेज गेली तर तो फेज करंटच्या ५८ टक्के होतो, म्हणून वरच्या लेव्हलला टाइम कमी ठेवा.

सेटिंग बदलल्यावर सेकंडरी इंजेक्शन (सीटीच्या सेकंडरीइतका करंट थेट रिलेला देऊन टेस्ट) कराच. थर्मल रीसेट करून ४.३२ अँपिअर द्या, १८.७ सेकंद यायला पाहिजेत. मग ०.७२ अँपिअर देऊन थर्मल स्थिर होऊ द्या, ४५ टक्क्यांच्या आसपास थांबेल, त्यावर लगेच ४.३२ द्या आणि १०.३ येतायत का बघा. ऑपरेशनवाल्यांना टेस्टच्या वेळी शेजारी उभं करा.