कॉलेजात जावास्क्रिप्ट शिकताना: तुमचे अनुभव लिहा

यंदा मी क्लायंट साइड स्क्रिप्टिंग, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड लिहिणं, हा विषय शिकवते आहे. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून आलेल्या मुलांना जावास्क्रिप्टचं व्याकरण लवकर जमतं. अडतं ते दुसरीकडे. सीचा प्रोग्रॅम मेन या फंक्शनपासून सुरू होतो, काम करतो आणि संपतो. इथे मात्र पान उघडं असेपर्यंत कुणी बटण दाबेल, काही टाइप करेल याची वाट बघत थांबायचं असतं. हा फरक पुस्तकात चार ओळींत उरकलेला असतो, पण मुलांच्या डोक्यात उतरायला बराच काळ जातो. तुम्हाला तो कशामुळे उमगला? शिकणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी, पूर्वी शिकून गेलेल्यांनीही लिहा. नेमकं काय करून पाहिलं ते सांगितलंत तर वर्गात वापरता येईल.

*

मला तो फरक कळला 'नल'मुळे, म्हणजे 'काहीच नाही' या उत्तरामुळे. लॅबमध्ये एकाच दिवशी निम्म्या वर्गाला तीच एरर येत होती: आयडी बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी घटक सापडत नाही, हाती नल. मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. स्क्रिप्ट हेडमध्ये, म्हणजे पानाच्या फाइलच्या वरच्या भागात होती. तिच्यात एक कन्सोल लॉग (ब्राउझरच्या कन्सोलमध्ये संदेश छापणारी ओळ) टाका आणि दुसरा बॉडीच्या, म्हणजे पानाच्या मजकुराच्या, अगदी शेवटी टाका, एवढंच म्हणाल्या. ब्राउझर फाइल वरून खाली वाचत येतो, वाटेत साधी स्क्रिप्ट लागली की थांबून ती आधी चालवतो, हे तेव्हा दिसलं. खालची टेक्स्टबॉक्स त्या घडीला तयारच झालेली नसते! मग वेगळ्या फाइलमधल्या स्क्रिप्टच्या टॅगला डिफर लावलं, की स्क्रिप्ट पूर्ण पान वाचून झाल्यावर चालते.

त्याच तासाला मॅडमनी 'व्ह्यू सोर्स' आणि 'इन्स्पेक्ट' शेजारी शेजारी उघडायला लावले. बटण दाबून यादीत नवी ओळ घातली तर ती इन्स्पेक्टमध्ये दिसते, सोर्समध्ये नाही. सोर्स म्हणजे सर्व्हरकडून आलेला मजकूर, आणि इन्स्पेक्ट म्हणजे त्यावरून ब्राउझरने मेमरीत उभारलेलं झाड, म्हणजेच डॉम. आपण बदलतो ते झाड. हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे.

*

बेरजेचा प्रोग्रॅम. ५ आणि ३ दिले, उत्तर ५३. वजाबाकीचं मात्र बरोबर २. टेक्स्टबॉक्सची व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर असते. अधिकचं चिन्ह स्ट्रिंगा जोडतं, उणेचं चिन्ह त्यांचे आकडे करून घेतं. डेटा टाइप म्हणजे काय, ते मला सीपेक्षा इथे जास्त कळलं.

*

तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न: फॉर लूपमध्ये व्हारने केलेला आय हा व्हेरिएबल, शून्य ते दोन, आत सेटटाइमआउटने (फंक्शन थोड्या वेळाने चालवण्याची सोय) आय छापायचा. उत्तर ३, ३, ३. व्हारऐवजी लेट केलं की ०, १, २. आम्ही सगळ्यांनी पाठ केलं होतं. कारण कळलं ते लॅबमधल्या एका सीनियरने कागदावर व्हेरिएबलचे डबे काढून दाखवले तेव्हा. व्हार असेल तर अख्ख्या लूपला एकच डबा, आणि सेटटाइमआउटची फंक्शनं लूप संपल्यावर चालतात, तेव्हा त्या डब्यात ३ असतो. लेटला प्रत्येक फेरीत नवा डबा.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये असताना या भाषेचं पहिलं रूप दहा दिवसांत तयार केलं. लेट आणि कॉन्स्ट प्रमाण भाषेत आले २०१५ मध्ये. मधल्या काळातली पानं मोडू नयेत म्हणून व्हार अजून आहे. पण नव्या मुलांना पहिल्या दिवसापासून लेट आणि कॉन्स्टच शिकवावं. व्हार जुना कोड वाचण्यापुरता पुरे.

*

आमच्या जर्नलमध्ये फॉर्म व्हॅलिडेशनचा, म्हणजे भरलेली माहिती तपासण्याचा, उद्देश 'सुरक्षितता' असा छापलेला होता. सरांनी ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट बंद करून फॉर्म पाठवायला सांगितला. सगळे रकाने रिकामे, तरी फॉर्म गेला. ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याला चूक लगेच कळावी म्हणून असते; सर्व्हरला सगळं पुन्हा तपासावंच लागतं.

*

मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून हा विषय शिकलो, म्हणून थोडं वेगळं लिहितो. नमुना कोडमध्ये बऱ्याचदा डिव्ह या साध्या चौकटीच्या टॅगला क्लिकचा इव्हेंट लावून बटण केलेलं असतं. माउसवाल्याला ते बटणासारखंच दिसतं. माझ्यासाठी ते नसतंच, कारण टॅब दाबल्यावर फोकस तिथे थांबत नाही, एंटर चालत नाही आणि स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. बटण टॅग वापरला की या तिन्ही गोष्टी आपोआप मिळतात. तसंच चुकलेल्या रकान्याला नुसती लाल चौकट दिली तर मला काहीच कळत नाही. चूक शब्दांत लिहून ती त्या रकान्याशी जोडावी लागते. प्रॅक्टिकल तपासताना माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर फॉर्म भरून पाहा, अशी शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

*

वरच्या 'झाडा'त एक भर. कामाच्या यादीचं पान करत होतो. प्रत्येक ओळीच्या 'काढा' बटणाला लिसनर (क्लिक झाली की चालणारं फंक्शन) लावला होता, पण नंतर घातलेल्या ओळींची बटणं दाबून काही होत नव्हतं. मित्र म्हणाला, लिसनर पूर्ण यादीला एकच लाव. क्लिक आतल्या घटकावर होऊन झाडातून वर वर जात यादीपर्यंत पोहोचते, आणि इव्हेंटचं टार्गेट पाहिलं की कोणतं बटण दाबलं ते कळतं. या वर जाण्याची, म्हणजे बबलिंगची, व्याख्या मी त्याआधीच लिहून ठेवली होती, पण ती कशासाठी असते ते त्या यादीनंतर कळलं. मॅडम, हा प्रयोग नलवाल्या प्रयोगानंतर लगेच घ्या. मुलांना झाड तेव्हा ताजं आठवत असतं.