‘कॉलेज स्पिरिट’ मराठीत कसे लिहावे?

विचारणा, डिचोलीहून

आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाचा मराठी विभाग यंदा माझ्याकडे आहे. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेवर एका विद्यार्थ्याने फार जिवंत लेख दिला आहे. तास बुडवून भाड्याच्या बसने गेलेली मुले, घसा बसेपर्यंत दिलेल्या घोषणा, उपांत्य सामना टायब्रेकरवर हरल्यावर गोलखांबाला टेकून रडणारा गोलरक्षक, सगळे त्यात आहे. पण जिथे ‘कॉलेज स्पिरिट’ म्हणायचे तिथे त्याने दरवेळी ‘खिलाडूवृत्ती’ लिहिले आहे. ‘आमच्या बसमध्ये खिलाडूवृत्ती उसळत होती’ हे वाक्य छापायला हात धजत नाही. शिवाय ‘दोन्ही कॉलेजांत जुनी ईर्षा आहे’ असे एक वाक्य आहे. सहसंपादक ते खोडा म्हणतात, कारण त्यांच्या मते अर्थ वाईट होतो. काय करावे?

उत्तर, फोंड्याहून

खिलाडूवृत्तीचा अर्थ मराठीत पक्का ठरलेला आहे. पंचाचा निर्णय मानणे, जिंकल्यावर न माजणे, हरल्यावर समोरच्याशी मनापासून हात मिळवणे. बसमध्ये उसळतो तो जोश. त्या रडणाऱ्या गोलरक्षकाने डोळे पुसून विजेत्या संघाच्या गोलरक्षकाला मिठी मारली असेल, तर तेवढ्या एका जागी खिलाडूवृत्ती ठेवा.

‘संघभावना’ घालण्याचा मोह होईल, तोही टाळा. संघभावना मैदानातल्या अकरांची आणि राखीव बाकावरच्यांची. बचावपटू चुकला की मध्यरक्षक न सांगता मागे धावतो, ती संघभावना. कठड्यावर बसून ओरडणाऱ्या मुलांचे नाते वेगळे आहे. ती खेळत नाहीत, तरीही सामना त्यांचाच असतो.

या मुलांसाठी आपल्याकडे ‘पाठीराखे’ हा सुरेख शब्द आहे, आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांनी तो टिकवला याचे मला मनापासून कौतुक वाटते. प्रेक्षक सामना पाहायला येतो, त्याला कोणीही जिंकले तरी चालते. चाहता खेळाडूवर लुब्ध असतो, खेळाडूने संघ बदलला की तोही बदलू शकतो. पाठीराख्याचे तसे नसते. ओव्यांत बहीण भावाला पाठीराखा म्हणते, भक्त विठ्ठलाला म्हणतो. पाठ राखणारा, म्हणजे आपल्याला दिसत नाही त्या बाजूने उभा असलेला. चार गोलांनी मागे असलेल्या संघासाठी जो शेवटच्या शिट्टीपर्यंत जागचा हलत नाही, त्याला दुसरे काय म्हणणार?

फक्त ‘पाठराखण’ जपून वापरा. शब्द त्याच घरचा, पण बातम्यांत आता तो बहुतेक वेळा आरोप झालेल्या माणसाची बाजू घेण्यासाठी येतो. ‘विद्यार्थ्यांनी संघाची पाठराखण केली’ असे लिहिले तर संघाने काहीतरी गैर केले असावे असे वाटेल. ‘विद्यार्थी संघाच्या पाठीशी उभे राहिले’ हे सरळ.

उत्तर, मडगावहून

ईर्षा खोडू नका. सहसंपादकांच्या कानात हिंदीतली ‘ईर्ष्या’ आहे, तिथे तो शब्द जळफळाटापुरता उरला आहे. मराठीत मत्सर हा अर्थ आहेच, पण त्याच्या शेजारी दुसराही नांदतो. ‘पोरे ईर्षेने खेळली’ म्हटले की आपल्याला मत्सर ऐकू येत नाही. समोरच्यापेक्षा सरस ठरण्याची आच ऐकू येते. ‘इरेला पेटणे’ म्हणतो तेव्हाही हेच.

गोव्याच्याच फुटबॉलचे उदाहरण घ्या. 1982-83 च्या संतोष करंडकाचे, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचे, विजेतेपद बंगाल आणि गोवा यांना विभागून मिळाले. पुढच्याच हंगामात, 1983-84 मध्ये, गोव्याने करंडक एकट्याने जिंकला. अर्ध्या वाट्यावर समाधान न मानता पुन्हा उतरण्यामागे जे असते ते लिहायला ‘स्पर्धा’ फार कोरडा आणि ‘चुरस’ अपुरा. चुरस सामन्याची असते, नव्वद मिनिटांत संपते. ईर्षा एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जाते, एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे जाते. विद्यार्थ्याने ‘जुनी ईर्षा’ लिहिले आहे ना? त्या मुलाला शब्द नेमका कळला आहे.

‘खुन्नस’ मात्र येऊ देऊ नका. मुलांच्या बोलण्यात तो सर्रास आहे, पण त्यात समोरच्याचे वाईट व्हावे ही इच्छा आहे. ईर्षेला समोरचा संघ बळकट असलेलाच हवा असतो.

उत्तर, म्हापशाहून

घोषणांबद्दल थोडेसे. लेखात कुठे ‘हुर्यो’ असेल तर तपासा. ‘हुर्रे’शी आवाज जुळतो म्हणून हल्ली मुले ‘आम्ही आमच्या संघाची हुर्यो केली’ असे लिहितात. हुर्यो उडवणे म्हणजे टिंगल करून हैराण करणे. आपल्या संघाचा जयघोष होतो, गोल झाला की जल्लोष होतो.

धुळेर मैदानावर एका सामन्यात मुलांनी शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, रोमटातले (ढोल-ताशांच्या मिरवणुकीतले) ‘ओस्सय! ओस्सय!’ सुरू केलेले मी ऐकले आहे. कोणी शिकवले नव्हते. ढोल वाजला आणि तोंडातून तेच आले. अशा आरोळीला भाषांतर नको, स्पष्टीकरणही नको. लेखात आली असेल तर जशीच्या तशी छापा. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोणीही वाचेल आणि त्याला ताल ऐकू येईल.

विचारणा करणाऱ्याकडून

ईर्षा राहील. अजून एक वाक्य अडले आहे: ‘तो तीन वर्षे कॉलेजसाठी खेळला.’ मला खटकते, पण का ते सांगता येत नाही.

उत्तर, फोंड्याहून

खटकायलाच हवे. मराठीत खेळाडू संघाकडून खेळतो. ‘साठी’मध्ये हेतू आहे: पैशासाठी, नावासाठी, आईसाठी. ‘कडून’मध्ये आपण कोणाचे हे आहे. इंग्रजी बातम्यांची घाईने भाषांतरे होऊ लागल्यापासून ‘भारतासाठी खेळला’ रूढ होत चालले आहे, आणि मला ते नुकसान वाटते.

आमच्या भागातल्या जुन्या खेळाडूंचे बोलणे ऐका. धेंपे आणि चौगुले ही कॉलेजे 1962 साली, गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाल्यावर लगेच सुरू झाली. गोवा विद्यापीठ आले 1985 मध्ये. मधल्या काळात इथली कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे विद्यापीठाच्या संघात निवडलेला गोव्याचा मुलगा मुंबई विद्यापीठाकडून खेळायचा. तो मान मोठाच. तरी त्या पिढीतले माझ्या ओळखीचे लोक आधी सांगतात ते ‘मी धेंपेकडून खेळलो’, ‘आम्ही चौगुलेकडून खेळायचो’. इंग्रजीत ज्याला स्पिरिट म्हणतात त्यातले बरेचसे या ‘कडून’मध्ये येऊन जाते, वेगळे नाम शोधायची गरज उरत नाही. त्या विद्यार्थ्याच्या लेखातली निम्मी ‘खिलाडूवृत्ती’ अशी क्रियापदांत आणि प्रत्ययांत विरघळवता येईल. ‘आमच्यात खूप स्पिरिट होते’ याऐवजी ‘हरलो तरी परतीच्या बसमध्ये कोणी गप्प बसले नाही’. घडले ते लिहिले की भाव आपोआप येतो.

उत्तर, पणजीहून

शुद्धलेखनाचे: ‘आंतरमहाविद्यालयीन’ म्हणजे अनेक महाविद्यालयांमधले. कॉलेजच्या आतल्या, वर्गावर्गांतल्या सामन्यांना ‘महाविद्यालयांतर्गत’ किंवा सरळ ‘आंतरवर्गीय’. लेखात दोन्ही प्रकारचे सामने असतील तर गल्लत होईल. आणि शीर्षकात ‘महाविद्यालय’ असले तरी मजकुरात ‘कॉलेज’ राहू द्या. मैदानावर कोणी महाविद्यालयाच्या नावाने ओरडत नाही.

उत्तर, नुव्याहून

इथल्या कार्मेलसारख्या मुलींच्या कॉलेजबद्दल लिहिताना ‘पाठीराखे’ कसे चालेल? संघ मुलींचा, ओरडणाऱ्या मुली.

उत्तर, फोंड्याहून

पाठीराखा, पाठीराखी. अनेकवचन पाठीराख्या, जसे सखी, सख्या. ऐकायची सवय नाही एवढेच, घडण अगदी मराठी आहे. ‘पाठराखीण’ तेवढे लिहू नका. ती नवरीबरोबर तिच्या सासरी सोबतीला जाते.