साजरं करायचं की नाही, हे तुमच्या घरी कोणी ठरवलं?

व्हॅलेंटाइन, दिवाळीचा पाडवा, वटपौर्णिमा, लग्नाचा वाढदिवस. पाश्चात्त्य की आपलं, हा वाद मला इथे नकोच आहे. मला एवढंच विचारायचंय, की तुम्ही दोघं यावर कधी बसून बोललात का? मी ठाण्याची, पाचपाखाडीची. लग्नानंतर कितीतरी वर्षं १४ फेब्रुवारी नवरा करायचा आणि पाडवा मी, दोघंही समोरच्याला आवडतं असं धरून. एका रविवारी पोहे खाताना सहज विषय निघाला. त्याला पाडव्याला पाटावर बसून ओवाळून घ्यायचा संकोच वाटतो, आणि मला गुलाब नको असतो, तलावपाळीला जेवणानंतर एक निवांत फेरी हवी असते. इतकी साधी गोष्ट एकमेकांना माहीत नसावी याचं मला फार वाटलं. ठाणे-नवी मुंबईकरांनी जरूर लिहा, मोकळेपणाने लिहा.

जांभळी नाका, ठाणे

आमचा फुलांचा धंदा आहे. १४ फेब्रुवारीला आम्हा नवरा-बायकोला धड बोलायला फुरसत नसते. मावळातला परदेशी जाणारा गुलाब साधारण १० तारखेपर्यंत निघून जातो, मग माल आपल्या बाजाराकडे वळतो. हे पहाटे दादरहून घेऊन येतात. वीस-वीस दांड्यांच्या गड्ड्या, प्रत्येक कळीला जाळीची टोपी. मी काटे काढते, खालची पानं ओरबाडते, दांडी तिरकी कापून बादलीत सोडते. टोपी गिऱ्हाईक समोर आल्यावरच काढायची. आधी काढली तर उकाड्यात कळी उमलून जाते आणि दुपारपर्यंत पाकळ्या लोंबतात. संध्याकाळी कॉलेजची पोरं येतात. घेतात एकच फूल, पण दहा फुलं हातात धरून बघतात. मी बघू देते. पैसे मोजून आणलेले असतात त्यांनी. १५ तारखेला सकाळी त्याच गुलाबाला कुत्रं विचारत नाही.

दसरा-दिवाळीला झेंडूच्या राशीत, पुढे लग्नसराई. म्हणून आम्ही आषाढ धरला. आकाडात लग्नं नसतात, मालाला उठाव नसतो. एकादशीची तुळशी-हारांची घाई संपली की दुकान दिरांच्या हवाली करायचं आणि आम्ही दोघंच जुन्नरकडे माझ्या माहेरी जायचं. हे मी मागून घेतलंय. सासूबाई म्हणाल्या, "पोरांना सोडून?" मी म्हटलं, "हो, पोरांना सोडून." पहिल्या वर्षी रुसल्या, आता त्याच डबा भरून देतात.

नेरूळ

बायको हॉस्पिटलात सिस्टर आहे, मी महाप्याला एमआयडीसीत. आमचा सण तिच्या ड्यूटीचा चार्ट लागला की ठरतो. मला तारखेचं कौतुक नाही, तिला आहे, म्हणून मधला मार्ग काढला: फेब्रुवारी चुकवायचा नाही, दिवस कुठलाही चालेल. इथल्या टीएस चाणक्य या जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या संस्थेमागे पाणथळीवर जातो. भरतीची वेळ बघून जावं लागतं. खाडीत पाणी चढलं, चिखल बुडला, की फ्लेमिंगो तिथून उठून इकडे येतात. नाइट करून आलेली असली तरी ती गाडीत झोपत नाही, दुर्बीण तिच्याच हातात असते.

घोडबंदर रोड

आम्ही दोघं वेगवेगळ्या जातींचे, भेटायचो तेव्हा घरी कुणाला कल्पना नव्हती. त्या वर्षांत व्हॅलेंटाइनला विरोध म्हणून कार्डं जाळायचे, दुकानांवर मोर्चे जायचे. एकदा उपवन तलावाच्या काठावर बसलो असताना चार-पाच जणांनी येऊन नाव, पत्ता, बापाचं नाव विचारलं. हिने न घाबरता उलट त्यांची नावं विचारली. मी त्या क्षणी ठरवलं की लग्न हिच्याशीच. आज आम्हाला दोन मुलं आहेत आणि १४ फेब्रुवारी आम्ही सोडत नाही. नवीन लग्न झालेले मित्र म्हणतात, "मार्केटिंग आहे सगळं." त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरं असेल. आम्ही तो दिवस भीतीतून कमावलाय, तो फुकट सोडून देणार नाही.

ऐरोली

यजमान जाऊन काही वर्षं झाली. पाडव्याला साडी नको, पुस्तक द्या, असं मी लग्न झाल्यावर पहिल्याच दिवाळीत सांगितलं होतं आणि त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं. अजूनही पाडव्याला मी एक पुस्तक घेते. जावेला खटकतं. खटकू दे.

खारघर

"आम्ही असलं काही मानत नाही," हे नवरा चारचौघांत अभिमानाने सांगायचा. मला कोणी विचारलंच नव्हतं. घराचा हप्ता, त्याच्या वडिलांचं आजारपण, यात खर्च नको हे मलाही पटत होतं, म्हणून गप्प राहिले. पण खर्च नको म्हणजे काहीच नको असं कुठे होतं? शेवटी एका लग्नाच्या वाढदिवशी रडू फुटलं. त्या दिवशी नीट बोललो. एकदा बाहेर जेवायला गेलो तर त्या हॉटेलात १४ तारखेचा ठरावीक मेनू, दुप्पट दर आणि बाहेर दीड तास उभं राहणं. ते बंद केलं. आता वाढदिवसाला दोघंही रजा टाकतो, मुलीला शाळेत सोडतो आणि ती येईपर्यंत घरात राहतो. स्वयंपाक तो करतो. पहिल्यांदा फक्त पिठलं जमलं होतं, आता भरली वांगी करतो. सोसायटीतल्या दोघींनी हीच युक्ती उचलली.

(धागाकर्ती: तुमचं वाचून मी नवऱ्याला फोन केला. रजेचं बघतो म्हणालाय.)

नौपाडा, ठाणे

आमचं लग्न १९८४चं. पाडव्याला मी ओवाळायचं आणि ह्यांनी तबकात पाकीट टाकायचं, तेही आमच्या एकाच खात्यातून काढलेलं! मी बँकेत नोकरी करत होते, मला ते विचित्र वाटायचं. निवृत्तीनंतर एकदा म्हटलं, "मला कधी कुणी ओवाळणार?" हे उठले, निरांजन घेतलं, मला पाटावर बसवलं. हात चुकीच्या बाजूने फिरवत होते, मी दाखवलं. तेव्हापासून दोघंही ओवाळतो, पाकीट बंद. मुलगा-सुनेलाही विचारलं, तुमचा पाट मांडू का? त्यांनी नको म्हटलं. मग नाही मांडला.