मदत हवी आहे: आलेखाच्या तक्त्यात किमती कोणत्या घ्यायच्या?

नमस्कार मंडळी. भाची यंदा दहावीला आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. बीजगणितातली दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू आहेत. अप्पा बळवंत चौकातून आलेख कागद आणून झाले, पेन्सिलीला टोक काढून झालं. गाडी अडते ती तक्त्यावर.

उदाहरणार्थ, २एक्स + ३वाय = १२. ती सवयीने एक्सला ०, १, २ देते. ० ला वाय ४ येतो, छान. पण १ ला येतो १०/३ आणि २ ला ८/३. मग ३.३३ चं टिंब नेमकं कुठे द्यायचं यावर खल, आणि तिन्ही टिंबं काही पट्टीवर येत नाहीत. मी ०, ३, ६ घ्यायला लावले: (०, ४), (३, २), (६, ०). रेघ सरळ आली.

"पण मावशी, ३ नि ६ च घ्यायचे हे पेपरात सुचणार कसं?" प्रश्न रास्त आहे. एक्स ३ ने वाढला की वाय २ ने उतरतो, हे दाखवलं. मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

शिकवणाऱ्यांनी सांगा: आधी वाय एकटा डावीकडे मांडून घ्यायला लावावा, की थेट अक्षांवरचे दोन बिंदू काढून तिसरा फक्त पडताळ्याला?

क्लासच्या जाहिराती कृपया नकोत.