घरच्या स्टोरेज सर्व्हरसाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड: एन-१०० पुरेल का?

खाडीकाठ (ऐरोली):
वडिलांनी हौशी नाटकांचे प्रयोग वर्षानुवर्षे मिनी-डीव्ही कॅसेटींवर टिपले आहेत. तासाभराच्या अशा १४० कॅसेटी पोटमाळ्यावर पडून आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांतल्या दोघींच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली, तेव्हापासून त्या संगणकावर उतरवण्याचे काम मी हाती घेतले आहे. तासाला सुमारे १३ जीबी धरल्यास मूळ फाइलींनाच १.८ टीबी लागतील, शिवाय घरातल्या सगळ्यांच्या फोनमधली छायाचित्रे आहेतच. म्हणून ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क, झेडएफएस (डिस्कांवर फाइली ठेवण्याची व तपासण्याची फाइल सिस्टिम) आणि ट्रूनॅस (स्टोरेज सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) असा बेत आहे; अडले आहे ते प्रोसेसरपाशी. बोर्डावरच बसवलेला इंटेलचा एन-१०० घ्यावा, की इंटेलचाच आय-३ १२१०० प्रोसेसर आणि एच-६१० चिपसेटचा (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या चिपचा) बोर्ड? सर्व्हर चोवीस तास चालू राहणार असल्यामुळे महावितरणच्या बिलाची धास्ती आहे, आणि प्रयोग टीव्हीवर पाहता यावेत एवढीच वडिलांची अट आहे.

जुनाकॅबिनेट (ठाणे, नौपाडा):
आपण प्रोसेसरपासून सुरुवात केली आहे. मी आधी साटा पोर्ट, म्हणजे बोर्डावरच्या डिस्क जोडायच्या जागा, मोजायला सांगेन. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला प्रत्यक्षात ११० एमबीच्या आसपासच माहिती जाते, आणि तेवढी पुरवताना एन-१०० ला घामही फुटत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. त्याच्याकडे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या एकूण ९ लेन (माहिती नेणाऱ्या वाटा) असतात आणि नेटवर्क, एम.२ (लहान एसएसडीची खाच), जादा साटा अशा सगळ्यांना त्यांतच भागवावे लागते. त्यामुळे त्याच्या पुष्कळ बोर्डांवर एक किंवा दोनच साटा पोर्ट दिसतात. ट्रूनॅसला तर स्वतःसाठी वेगळी बूट डिस्क लागते, म्हणजे आपल्याला चार नव्हे, पाच जागा हव्यात.

सहा पोर्टांचे एन-१०० बोर्डही मिळतात. त्यांवर बहुधा जेएमबी-५८५ किंवा एएसएम-११६६ ही साटा पोर्ट वाढवणारी वेगळी चिप असते आणि तिला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पोर्ट मल्टिप्लायर असलेल्या स्वस्त कार्डाला, कारण ते एकाच साटा जोडणीवर चार-पाच डिस्क टांगते. मी तसे कार्ड लावले होते. दर महिन्याच्या स्क्रबमध्ये (झेडएफएसच्या सगळ्या डिस्कांच्या तपासणीत) तिसरी डिस्क गायब व्हायची आणि यंत्र पुन्हा सुरू केले की निमूटपणे परत यायची. मी दोनदा केबल बदलली, नंतर चांगली डिस्क बदलली, आणि शेवटी कार्ड काढल्यावर सगळे शांत झाले. एच-६१० चिपसेटमध्ये मुळातच चार साटा पोर्टांची सोय आहे. ते चारही बोर्डावर दिले आहेत का, आणि एम.२ मध्ये एसएसडी लावल्यावर त्यांतला एखादा बंद तर पडत नाही ना, हे मॅन्युअलमध्ये पाहून मगच बोर्ड घ्यावा.

मीटरवाला (घणसोली):
बिलाविषयी थोडे. चोवीस तास जळणारे १० वॅट म्हणजे वर्षाला सुमारे ८८ युनिट. १२१०० वर लिहिलेले ६० वॅट आणि एन-१०० वरचे ६ वॅट पाहून लोक दचकतात, पण ते आकडे कामाच्या वेळचे आहेत आणि आपला सर्व्हर बहुतेक वेळ स्वस्थ बसणार आहे. फिरत्या साडेतीन इंची डिस्क मात्र प्रत्येकी ४ ते ६ वॅट घेतच राहतात, म्हणजे चार डिस्कांचे वीसएक वॅट दोन्ही पर्यायांत सारखेच. लॅपटॉपसारख्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा एन-१०० बोर्ड मोहात पाडील, पण सुरू होताना एकेक डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत मागते. चौघी एकदम उठल्या की अ‍ॅडॉप्टरने मान टाकलीच म्हणून समजा.

टीव्हीसाठी प्रोसेसर निवडू नये. डीव्हीचे चित्र ७२० बाय ५७६ एवढेच असते. बहुतेक टीव्ही ती फाइल थेट उघडत नाहीत, तेव्हा प्रत्येकीची एच.२६४ या टीव्हीला चालणाऱ्या स्वरूपातली प्रत एकदाच करून मूळ फाइलीशेजारी ठेवावी.

सावधपंत (खारघर):
ईसीसी मेमरीचा, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या मेमरीचा, विषय निघालाच नाही. आपल्या दोन्ही पर्यायांत ती चालणार नाही. इंटेलच्या १२व्या पिढीत त्यासाठी डब्ल्यू-६८० चिपसेट लागतो. एएमडीकडे रायझन प्रो ५६५०जी आणि ईसीसी चालणारा बोर्ड ही जोडी जमते, साधा ५६००जी मात्र नाही. झेडएफएसच्या मूळ कर्त्यांपैकी मॅथ्यू एरेन्स यांनीच म्हटले आहे की झेडएफएसला इतर फाइल सिस्टिमपेक्षा ईसीसीची अधिक गरज नाही. ती असलेली केव्हाही बरी, पण हात आखडता असेल तर ते पैसे पाचव्या डिस्कला लावा. कॅसेटींची एक प्रत तिच्यावर घेऊन ती नातेवाइकाकडे ठेवा, कारण घरात पाणी शिरले तर चारही डिस्क एकदमच जातील.

खाडीकाठ (ऐरोली):
सर्वांचे आभार. मी ज्या एन-१०० बोर्डावर मन बसवले होते त्यावर एकच साटा पोर्ट आहे, हे छायाचित्र मोठे करून आता पाहिले. १२१०० आणि एच-६१० नक्की करतो, बूटसाठी एम.२ मध्ये लहान एनव्हीएमई एसएसडी. पाचवी डिस्क डोंबिवलीला बहिणीकडे जाईल. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाईन तेव्हा दुकानदाराला खोके उघडायला लावून पोर्ट हाताने मोजून घेईन.